न खाकरता आलेलं हेलिकॉप्टर

"आवं सायेब, माणसानं येताना खाकरावं की जरा."

हिराआक्का दचकून वळल्या तेव्हा त्यांच्या हातातलं सूप कलंडलं आणि पाखडलेली बाजरी अंगणभर सांडली. कोंबड्यांना ते बरंच झालं. चारी बाजूंनी धावत येऊन त्या माझ्या चपलांवरून बाजरी टिपू लागल्या. मी तसाच उभा राहिलो. पाय हलवावा तर एखादी चिरडेल, न हलवावा तर आक्कांच्या वाटेत.

"माफ करा," मी म्हणालो.

"माफ काय करायचं त्यात? बाप्या माणूस दारात आला की खाकरतोय. बाईमाणूस आत न्हात आसंल, डोईवर पदर नसंल. तुमी आपलं मांजरावानी. परवा रांजणापाशी आसंच केलंसा. एक दिस जीव जायाचा माझा."

मी खाकरायचा प्रयत्न केला. घशातून काहीतरी आलं, पण त्याला खाकरणं म्हणता आलं नसतं.

"आता कशाला? आता आलायसाच की," आक्का म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन बाजरी गोळा करू लागल्या.

त्यांचा काही दोष नव्हता. मी जातो तिथे असंच होत आलं आहे. ऑफिसातले लोक मी खोलीत बसलेला असताना दिवे मालवून, कुलूप लावून घरी जात. अशा माणसाला हेलिकॉप्टरचा आवाज कमी करण्याचं काम मिळावं यात कुणाला विनोद दिसला असेल, तर त्याने तो मला सांगितला नाही.

पण काम मिळालं होतं खरं. हेलिकॉप्टरचा तो फटफट आवाज इंजिनाचा असतो असं पुष्कळांना वाटतं. बराचसा असतो तो पात्यांचा. डोक्यावर फिरणारं एक पातं हवा कापत पुढे जातं तेव्हा त्याच्या टोकामागे हवेचा भोवरा राहतो, आणि मागून येणारं दुसरं पातं त्या भोवऱ्यावर जाऊन आपटतं. पुन्हा तिसरं. हे आपटणंच आपल्याला कोसभर आधी ऐकू येतं. मी पात्याचं टोक निमुळतं करून मागे झुकवलं आणि किंचित खाली वळवलं, म्हणजे भोवरा दुबळा व्हावा आणि मागच्या पात्याच्या वाटेतून थोडा बाजूला सरकावा. एवढंच. सांगायला दोन वाक्यं लागतात. मला दोन वर्षं लागली होती.

प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी सांगितलं, आवाज कमी झाला. तेव्हा मला पहिली शंका आली ती यंत्रांची. सहकारी म्हणाले, "छान झालंय, उपाध्ये." पण माझं कौतुक करणारी माणसं मला नेहमी दयाळू वाटत आली आहेत. मी त्यांचे आभार मानतो आणि विश्वास ठेवत नाही.

शेवटची चाचणी खडकमाळला व्हायची होती. हे खटावकडचं एक उजाड माळावरचं गाव. मागे डोंगर, डोंगरात एक खिंड, आणि खिंडीपलीकडे आमची धावपट्टी. रोज सकाळी आमचं एक जुनं हेलिकॉप्टर खिंडीतून येऊन गावावरून जाई. मी माळावर मायक्रोफोन लावायला महिनाभर आधी येऊन राहिलो होतो. मुक्काम ग्रामपंचायतीच्या खोलीत आणि जेवण हिराआक्का गोरडांकडे. आक्का पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. पंधरा-वीस गावरान कोंबड्या हाच त्यांचा संसार. हेलिकॉप्टर खिंडीत शिरलं की त्या परातीवरची मान वर न करता म्हणत, "आली बगा तुमची गिरण." आणि त्यांच्या कोंबड्या, घंटा झाल्यावर मुलं वर्गात जावीत तशा, एकामागून एक खुराड्यात शिरत. कोंबडा शेवटी, मागे वळून बघत. मी हे रोज बघत होतो. बघत होतो एवढंच.

चाचणीच्या दोन दिवस आधी आमचे संचालक रणदिवे साहेब जीपने आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांना माझे मायक्रोफोन दाखवले. त्या दिवशी माळावर असा वारा सुटला होता की यंत्राची सुई हेलिकॉप्टर नसतानाच नाचत होती.

"उपाध्ये, हा काय प्रकार आहे?"

"वारा आहे, सर."

"परवाही असेल. या सुया घेऊन मी वर गेलो तर हसतील मला. मला माणसांचे कान पाहिजेत. गावातले दहा जण बसवा, खिंडीकडे पाठ करून. आवाज आला की हात वर करायचा. आधी जुनं येईल, मग तुमचं. कोणतं आधी ते त्यांना सांगू नका. फरक दिसला तर पाती पुढे जातील. नाही दिसला तर बंद. तुम्हाला माहितीपत्रकं लिहायच्या विभागात घेऊ. भाषा चांगली आहे तुमची."

हे त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या दिवशी माझ्याच्याने जेवण होईना. आक्कांनी भाकरी तशीच पडलेली बघितली.

"आजारी हायसा काय?"

"नाही."

"मंग कालवण बिघडलंय."

"कालवण फार छान आहे."

"छान आसतं तर खाल्लं आसतंसा. काय झालंय ते सांगा, न्हायतर ताट उचलती."

मला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसलो तर समोरच्याला ते खोटंच वाटतं. मी सगळं सांगितलं.

"मंजी आवाज आला तर तुमची पाती जाणार."

"हो, म्हणजे तसंच अगदी नाही..."

"आन आवाज आलाच न्हाय, तर ऱ्हाणार."

"आक्का, तसं नाही ते. दोन हेलिकॉप्टरं येणार आहेत. दोन्हींमधला फरक..."

"कळलं," आक्का म्हणाल्या आणि भाकरीवर तुपाची धार धरली. त्यांना काय कळलं ते मला तेव्हा कळलं असतं, तर मी रात्रीच जाऊन दहा घरांची दारं ठोठावली असती. अर्थात, मी ठोठावलेलं ऐकू आलं असतं की नाही ही गोष्ट वेगळी.

चाचणीच्या सकाळी गावातली दहा माणसं देवळासमोरच्या पटांगणात घोंगडी टाकून बसली. खिंडीकडे पाठ. मधोमध सरपंच तात्या शेंडगे, डोक्याला ठेवणीतला तांबडा पटका. मी त्यांना तिसऱ्यांदा समजावलं, "जेव्हा आवाज ऐकू येईल, तेव्हाच हात वर करायचा. खरं ते करायचं."

"सायेब, तुमी काळजी करू नगा," तात्या म्हणाले. बाकीच्या नऊ जणांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी दवाखान्यात पडलो आहे आणि ते भेटायला आले आहेत.

रणदिवे साहेब हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. आधी जुनं यंत्र.

खिंडीतून तो ओळखीचा आवाज सुरू झाला. मला ऐकू आला, रणदिवे साहेबांना आला. मी दहा पाठींकडे बघत होतो. एकही हात हलला नाही. आवाज वाढत गेला. देवळाच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. हात खालीच. हेलिकॉप्टर थेट डोक्यावर आलं, पटांगणातली धूळ उठली, देवळातली घंटा आपोआप किणकिणली, आणि तात्यांच्या पटक्याचा सोगा सुटून शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बसला. म्हाताऱ्याने तो शांतपणे बाजूला केला. दहाही माणसं समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत बसली होती.

हेलिकॉप्टर पुढे निघून गेलं. धूळ खाली बसली.

"ऐकू आलं नाही?" रणदिवे साहेबांनी विचारलं.

"कशाचं, सायेब?" तात्या म्हणाले.

"हेलिकॉप्टर गेलं आत्ता. डोक्यावरून."

"कुटं?" तात्यांनी पटका पुन्हा बांधत वर बघितलं.

"तुमचा पटका कशानं सुटला मग?"

तात्यांनी जरा विचार केला. "वारं हाय आज."

"लई वारं हाय," म्हातारा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रणदिवे साहेब सावकाश माझ्याकडे वळले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, आणि ते वाऱ्याने होतं असं मात्र म्हणता येत नव्हतं.

"उपाध्ये, हे जुनं होतं."

"हो, सर."

"हे जुनं यंत्र, ज्याच्या आवाजाबद्दल तीन तालुक्यांतून तक्रारी आल्यात, ते या दहा माणसांना डोक्यावर असताना ऐकू आलं नाही."

"हो, सर. म्हणजे... नाही, सर."

"तुम्ही पढवलंत यांना?"

मला पढवता येत नाही, हे त्यांना सांगणार कसं? त्यासाठीही बोलता यावं लागतं. इतक्यात तात्या उठून माझ्याजवळ आले आणि रणदिवे साहेबांना स्पष्ट ऐकू जाईल अशा बेताने कानात म्हणाले, "सायेब, आमच्याकडनं काय कमी पडलं न्हाय बगा. आक्कानं समद्यास्नी निरोप दिला हुता. महिनाभर तुमी आमच्यात जेवलायसा. आमी तुमच्या पोटावर पाय देऊ व्हय?"

मी डोळे मिटून घेतले. ज्या पात्यांसाठी मी दोन वर्षं घालवली ती दहा भल्या माणसांच्या चांगुलपणाखाली गाडली गेली होती, आणि मला त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

"गुंडाळा," रणदिवे साहेब म्हणाले. "दुसऱ्या यंत्राला परत फिरायला सांगा."

वायरलेसवाल्याने प्रयत्न केला, पण दुसरं हेलिकॉप्टर डोंगरापलीकडे होतं आणि मधे डोंगर आला की आमचा वायरलेस मुका होई. "येईल आणि जाईल," साहेब म्हणाले. "काय फरक पडतो आता? चहा कुठे मिळेल?"

चहा आक्कांकडे सांगितलेला होता. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा कोंबड्या खुराड्यातून एकेक बाहेर येत होत्या. कोंबडा सगळ्यांत पुढे होता. आक्कांनी बाज टाकली, कपबशा आणल्या. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "झालं न्हवं मनासारखं?"

"तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं," मी म्हणालो.

त्या समाधानाने आत गेल्या. तात्याही आले होते. ते उंबऱ्याशी टेकले, वायरलेसवाला कुंपणाशी.

रणदिवे साहेबांनी बशीत चहा ओतला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, उपाध्ये. तुमची पाती चांगली असतीलही. पण मी वर काय सांगू? जुनं ऐकू येत नाही आणि नवंही ऐकू येत नाही? माहितीपत्रकं वाईट काम नाही. शांत खोली असते. पुस्तकं असतात. तुम्हाला आवडेल."

मी मान हलवली. खरं तर मला ती खोली डोळ्यांपुढे दिसू लागली होती, आणि त्यातलं सगळ्यांत वाईट म्हणजे ती मला आवडलीही असती. माझ्या मनात आलं, पाती खरोखर चांगली असती तर त्यांच्यासाठी मी भांडलो नसतो का? मी भांडत नाही, म्हणजे माझाही त्यांच्यावर विश्वास नाही. अशी मी पात्यांविरुद्धची बाजू स्वतःच मांडत बसलो होतो, आणि खाली बघत होतो. कोंबड्या साहेबांच्या बुटांभोवती निवांत दाणे टिपत होत्या. कोंबडा एका पायावर उभा राहून पंख साफ करत होता.

तेवढ्यात अंगणावरून सावली सरकली.

पुढचं नेमकं कोणत्या क्रमाने घडलं ते सांगता येणार नाही. सगळ्या कोंबड्या एकदम ओरडल्या. दोन चुलीकडे धावल्या, एक चहाच्या किटलीवर आपटली, एक रणदिवे साहेबांच्या मांडीवर चढून त्यांच्या कोटात डोकं घालू लागली. कोंबडा थेट त्यांच्या डोक्यावर उडाला आणि तिथून छपरावर. बशीतला चहा साहेबांच्या मिशांवर गेला. आणि मग, हे सगळं सुरू झाल्यावर, वरून आवाज आला. आवाज नव्हताच असं नाही. डोक्यावर होता तेव्हा होता. पण तो येतोय हे कुणालाच कळलं नव्हतं.

आक्का हातात उलथनं घेऊन बाहेर धावल्या. "घार, घार," म्हणत त्यांनी वर बघितलं, आणि दूर जाणारं हेलिकॉप्टर बघून त्यांचा हात तसाच वर राहिला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्ये तुमचं?"

"हो," मी म्हणालो.

"ही काय रीत झाली वो? माझी तलंगी बगा, गटारात पडली. आता आठ दिस अंडं द्यायची न्हाय एक बी."

"आक्का," तात्या उंबऱ्यावरून खुणा करत म्हणाले, "आगं, आवाज आला न्हाय म्हण."

"न्हाईच आला. म्हणूनच तर म्हणती मी. ती जुनी गिरण लाख पटीनं बरी. खिंडीत शिरली की वरडून सांगत हुती, आले, आले म्हणून. कोंबड्या आपल्या पायानं खुराड्यात जायाच्या. ह्ये मेलं घारीवानी टपकलं. दुसऱ्याच्या अंगणावरनं जायाचं तर खाकरावं का नगं?"

"आक्का, सायबांचं काम..."

"तू गप, तात्या. काम गेलं चुलीत. माझ्या कोंबड्या कोण बगणार?"

महिनाभर मला तूप वाढणाऱ्या बाई माझ्या दोन वर्षांच्या कामाला माझ्यासमोर शिव्या देत होत्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. शरमेने नाही. मला पहिल्यांदा वाटलं, झालंय. हे जमलंय. कारण आक्का त्या वेळी माझ्याशी अजिबात दयाळू नव्हत्या.

मला हे साहेबांना सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे त्यातून काही आलं नाही. मग मी खाकरलो. जोरात. तात्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

"सर," मी म्हणालो, "माणसांना भीड पडते. कोंबड्यांना पडत नाही."

रणदिवे साहेबांनी रुमालाने मिशा पुसल्या. मांडीवरची कोंबडी त्यांनी तशीच ठेवली होती. एका हाताने ते तिला थोपटतही होते, बहुधा नकळत.

"बाई," ते आक्कांना म्हणाले, "मघाशी जुनं आलं तेव्हा या कोंबड्या कुठे होत्या?"

"कुटं म्हंजी? खुराड्यात. खिंडीतनं आवाज आला की जात्यात त्या. ह्या सायबांस्नी इचारा, रोज बगत्यात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी मान वळवून खिंडीकडे बघितलं. मग ते वायरलेसवाल्याला म्हणाले, "दोघांनाही पुन्हा बोलवा. आधी कोणतं ते मला सांगू नका. उपाध्ये, तुम्ही माळावर जाऊन उभे राहा. इथे थांबून कोंबड्यांना खुणा करायच्या नाहीत."

"आनि एकदा?" आक्का म्हणाल्या. "तलंगी मरंल माझी."

"तिला मी धरतो," साहेब म्हणाले.

मी माळावर गेलो. तिथून मला आक्कांचं अंगण दिसत नव्हतं, फक्त छपरावर बसलेला कोंबडा दिसत होता. त्या सकाळी त्या पक्ष्याकडे मी जितक्या आशेने बघितलं तितकं आयुष्यात कुणाकडे बघितलं नसेल. एक हेलिकॉप्टर खिंडीत शिरायच्या आधीच कोंबड्याने मान ताठ केली आणि खाली उडी मारली. काही वेळाने तो पुन्हा छपरावर आला. नंतर दुसरं आलं. कोंबडा पंख साफ करत राहिला, करत राहिला, आणि मग छपरावरून असा काही पडला की मला तिथूनही त्याचं ओरडणं ऐकू आलं.

मी परत आलो तेव्हा रणदिवे साहेब बाजेवर बसले होते. कोटावर पिसं, कुशीत तलंग.

"उपाध्ये," ते म्हणाले, "पाती पुढे जाणार. हे पंच मला मान्य आहेत." मग तात्यांकडे वळून म्हणाले, "तुमचेही आभार, सरपंच. पण तुम्हाला मी पुन्हा बोलावणार नाही."

तात्या खूश दिसले. आपल्या दहा जणांमुळेच सगळं जमलं असं ते पुढे गावात सांगत राहिले, आणि मी कधी खोडलं नाही.

आक्कांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "माझ्या कोंबड्यांचं काय त्ये बोला," त्या म्हणाल्या. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम दिला, की खिंडीतून यायचं बंद, यापुढे डोंगराला वळसा घालून माळापलीकडून जायचं. तलंग त्यांनी स्वतःच्या हाताने खुराड्यात ठेवली.

साहेब जीपकडे गेल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या.

"वाईट वाटून घेऊ नगा," त्या जरा नरमून म्हणाल्या. "रागात बोलले. पर यंत्र अगदी तुमच्यावानीच केलंसा बगा. आलं कवा, गेलं कवा, पत्ता न्हाय."

या गोष्टीला आता तीसहून अधिक वर्षं झाली. त्या पात्यांबद्दल पुढे लोक बरंच चांगलं बोलले, एक शालही मिळाली. मी आभार मानले. विश्वास ठेवायला मात्र मला अजून ती सकाळच आठवावी लागते.

दुसऱ्या दिवशी मी गाव सोडणार होतो. सामान जीपमध्ये टाकून शेवटचं जेवायला आक्कांकडे निघालो. अंगणाच्या कुंपणाशी थांबलो. आत कोंबड्या दाणे टिपत होत्या, चुलीचा धूर येत होता. मी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि खाकरलो.

कोंबड्याने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा दाणे टिपू लागला.

"या सायेब," आतून आक्का म्हणाल्या. "आलं ऐकू."